‘सौम्य’ म्हणजे निरुपद्रवी नव्हे!



बारावीला हॅलोजन शिकवताना एक प्रश्न हमखास येतो. “सर, फ्लोरीन सगळ्यात जास्त विद्युतऋण. मग हायड्रोफ्लोरिक आम्ल सगळ्यात तीव्र ना?” प्रश्न रास्त आहे, उत्तर मात्र उलटं.

हायड्रोजनचा बंध तोडायला लागणारी ऊर्जा बघा: फ्लोराइडला सुमारे ५७०, क्लोराइडला ४३२, ब्रोमाइडला ३६६, आयोडाइडला २९८ किलोज्यूल प्रति मोल. बंध घट्ट, तर पाण्यात हायड्रोजन आयन सुटणं कठीण. त्यात सुटलेला आयनसुद्धा फ्लोराइड हायड्रोजन बंधाने जवळच धरून ठेवतो. म्हणून ०.१ मोलार द्रावणात हायड्रोजन फ्लोराइडच्या शंभरातल्या जेमतेम आठ रेणूंचं विचरण होतं. हायड्रोजन क्लोराइडच्या जवळजवळ सगळ्याच रेणूंचं होतं. हायड्रोजन बंधाचा जोर उत्कलनांकातही दिसतो: फ्लोराइडचा सुमारे २० अंश सेल्सिअस, तर क्लोराइडचा उणे ८५!

इथवर आपण सगळेच शिकवतो. माझी तक्रार पुढे आहे.

‘सौम्य आम्ल’ हा शब्द आपण फळ्यावर लिहितो आणि पुढे जातो. पण मुलांच्या कानाला सौम्य म्हणजे सौम्य साबण, सौम्य स्वभाव. प्रत्यक्षात हे आम्ल काच खातं, म्हणून ते प्लास्टिकच्या बाटलीत ठेवतात. विचरण न झालेले, प्रभार नसलेले त्याचे रेणू त्वचेतून खोल शिरतात आणि आत फ्लोराइड शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं. द्रावण विरल असेल तर वेदना काही तासांनीही सुरू होते. तोवर माणूस गाफील! अंगावर उडालं तर लगेच भरपूर पाण्याने धुणं, कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल लावणं आणि तडक दवाखाना गाठणं, यात दिरंगाई चालत नाही.

आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातली कितीतरी मुलं उद्या लोटे-परशुरामच्या रासायनिक कारखान्यांत कामाला लागतील. बाटलीवरचं नाव वाचताना त्यांना आपला वर्ग आठवेल. तेव्हा काय आठवावं, हे आपण आज ठरवतो.

म्हणून माझा आग्रह आहे, फळ्यावर दोन वाक्यं जोडीनेच लिहा. ‘सौम्य म्हणजे पाण्यात कमी विचरण होणारं. सौम्य म्हणजे कमी धोक्याचं नव्हे.’ पहिल्याला परीक्षेत गुण मिळतील, दुसरं जीव वाचवेल.

आणि पालकहो, आज घरी विचारून बघा, “सौम्य आम्ल म्हणजे काय रे?” उत्तर “साधंसं, न भाजणारं” असं आलं, तर आमचा धडा अजून संपलेला नाही.