देणगी ज्याची त्याची, सूर सगळ्यांचा

पौष वद्य पंचमी आली की तिरुवैयारूला कावेरीचा काठ गाऊ लागतो. पाच नद्यांवरून नाव पडलेल्या या गावी, १८४७ साली याच तिथीला कर्नाटक संगीताचे संत-रचनाकार त्यागराजस्वामींनी देह ठेवला. त्यांच्या समाधीपाशी गायक-वादक समोरासमोर रांगा धरून बसतात आणि नाट, गौळ, आरभी, वराळी, श्री या पाच रागांतल्या पंचरत्न कृती एकमुखाने गातात. नामवंत गवई आणि नुकते शिकू लागलेले पोर, दोघांच्या ओठी तेच शब्द असतात; त्या घडीला कोणाचा गळा सरस, हा प्रश्नच उरत नाही.

याच सुमारास, जानेवारीत, आपल्याला आणखी एक स्मरण करायचे असते. तिरुवैयारूपासून थोड्याच अंतरावर असलेल्या तंजावरात २४ जानेवारी १८६४ रोजी तमिळ ख्रिस्ती कवी वेदनायकम शास्त्री प्रभूघरी गेले. तिरुनेलवेलीकडच्या या मुलाला पाद्री श्वार्ट्झ यांनी तंजावरला आणून वाढवले. ज्या गुरूपाशी ते शिकले, त्याच गुरूपाशी तंजावरचे आपले मराठा राजे सरफोजीही शिकले. श्वार्ट्झ यांच्या मृत्युशय्येशी उभ्या राहिलेल्या राजांचे संगमरवरी शिल्प शिवगंगा तलावाजवळच्या चर्चमध्ये आजही दिसते. शास्त्रींना कवित्वाचे कृपादान लाभले होते. भविष्य सांगणाऱ्या कुरवंजीचा लोकप्रिय खेळ त्यांनी उचलला आणि ‘बेथलेहेम कुरवंजी’तून ख्रिस्तकथा तमिळ मंडळीच्या ओठी दिली. गाण्याला अक्षरओळख लागत नाही. जे ग्रंथात होते, ते असे घराघरांत पोहोचले. आपल्याकडे १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी अभंग आणि कीर्तनाच्या वाटेने हेच केले, आणि त्यांची पदे आजही आपल्या उपासनेचा श्वास आहेत.

पण स्मरण प्रामाणिक हवे. उपासनेत जातींनी वेगळे बसण्याची चाल मोडू लागली, तेव्हा याच शास्त्रींनी त्या चालीची बाजू घेतली. इतके मोठे दान पदरी असूनही शेजारच्याला जवळ बसवून घेणे त्यांना जड गेले. पौलानेही करिंथच्या मंडळीला कृपादानांविषयी लिहिताना प्रीतीची वाट मध्येच, हेतुपूर्वक दाखवली. प्रीतीवाचून दान नुसतेच वाजत राहते. तिरुवैयारूलाही एके काळी स्त्रियांनी गाऊ नये असा दंडक होता. ज्या गायिका बंगळूर नागरत्नम्मांनी आपली मिळकत वेचून समाधीचे मंदिर उभारले, त्यांनाच त्या दंडकाशी झुंजावे लागले. दान देणारा देव हात आखडत नाही. ते झेलणारी ओंजळ आपण लहान करतो.

नव्या वर्षाच्या कामांच्या याद्या आता आपल्या मंडळ्यांमध्ये तयार होत आहेत. उपदेशकाचे नाव आपण आधी लिहितो, पेटी वाजवणाऱ्याचे मग. पण रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन सतरंज्या झटकणाऱ्या हातांचे काय? कोण आले नाही हे ध्यानात ठेवून सोमवारी त्याच्या दारी जाणाऱ्या आजीबाईंचे काय? ती आठवण, ते जाणे, हेही आत्म्याचेच दान आहे, आणि मंडळी पुष्कळदा त्याच्याच आधारावर उभी असते. ज्याला जे मिळाले, ते त्याच्या मिरवण्यासाठी नव्हे. ते मंडळीच्या वृद्धीसाठी त्याच्यापाशी ठेवलेली ठेव आहे. ठेव पुरून ठेवली तर तिचा हिशेब द्यावा लागतो, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

म्हणून या रविवारी उपासना संपल्यावर आपण लगेच पायऱ्या उतरू नये. मागच्या बाकावर बसणाऱ्या, ज्याला आजवर कोणी काही विचारले नाही, त्या एकाजवळ जावे आणि म्हणावे, ‘तुम्हाला काय येतं? मंडळीला त्याची गरज आहे.’