वाण वाढले, बियाण्याच्या साठ्याचे काय?

बंगळुरूजवळच्या हेसरघट्टा येथील भारतीय बागवानी संशोधन संस्थेने भाजीपाल्याचे अनेक ‘अर्का’ वाण दिले, तर राजगुरुनगर येथील कांदा व लसूण संशोधन संस्थेने ‘भीमा’ वाण. ही विविधता शेतकऱ्याच्या हिताचीच आहे. मात्र प्रत्येक वाणाचे बियाणे स्वतंत्रपणे साठवावे लागते. साठा अधिक झाला तर उगवणशक्ती घटून तो वाया जातो. कमी पडला तर हंगाम हुकतो.

यावर सर्व पिकांना एकच नियम लावणे योग्य नव्हे. दोन बाबी पाहाव्यात : बियाणे किती टिकते आणि संपल्यास पुन्हा किती काळात तयार होते. टोमॅटो, वांगी यांचे बियाणे कोरड्या, थंड जागी काही वर्षे टिकते. शिल्लक साठा पुढील हंगामात वापरता येतो. कांद्याचे तसे नाही. साध्या साठवणुकीत त्याची उगवणशक्ती वर्षभरातच झपाट्याने घटते. शिवाय रब्बी कांद्यात बियाण्यापासून कंद आणि कंदापासून पुन्हा बियाणे मिळण्यास सुमारे दीड वर्ष लागते. ऑक्टोबरच्या पावसाने रोपवाटिका नष्ट झाल्या, तर एप्रिल-मेपूर्वी नवे बियाणे येत नाही. मग शेतकरी मिळेल ते बियाणे घेतो आणि फसगतीचा धोका पत्करतो. खरिपासाठीच्या ‘भीमा सुपर’ची उणीव रब्बीचा ‘भीमा शक्ती’ भरून काढू शकत नाही. म्हणजे एकूण साठा पुरेसा दिसूनही नेमका वाण नसतो.

म्हणून विस्तार कार्यकर्त्यांनी बियाण्यासाठीच्या कंदांच्या लागवडीपूर्वीच, म्हणजे सप्टेंबरअखेर, वाणनिहाय मागणी नोंदवावी. राखीव साठा प्रत्येक विक्री केंद्रावर विभागून न ठेवता एका ठिकाणी ठेवावा व गरज पडेल तेथे तातडीने पाठवावा. त्यामुळे थोडक्या साठ्यात अधिक गावांची निकड भागते. कांद्याचे राखीव बियाणे ६ टक्के ओलाव्यापर्यंत सुकवून हवाबंद पाकिटांत ठेवावे आणि विक्रीपूर्वी उगवण तपासावी. ती किमान ७० टक्के असली पाहिजे. शेतकऱ्यांनीही सर्व बियाणे एकाच वेळी न टाकता रोपवाटिका दोन टप्प्यांत करावी.

राखीव साठ्यातील काही बियाणे दरवर्षी वाया जाईल, हे खरे. परंतु तो तोटा नसून विम्याचा हप्ता आहे. तो संस्थांनी भरला नाही, तर त्याची किंमत शेतकऱ्याला एक हंगाम गमावून मोजावी लागते.