घर किती फुटांचे, आकाश किती अंशांचे?

पुनर्विकासाची सभा कुठल्याही चाळीत भरो, पहिला प्रश्न ठरलेला असतो : कार्पेट किती मिळणार? मग भाडे, कॉर्पस, पार्किंग. समोरच्या इमारतीची भिंत माझ्या खिडकीपासून किती मीटरवर असेल, हे विचारणारा माणूस अशा सभांत सहसा दिसत नाही. पण त्या घरात पुढची पन्नास वर्षे कोण किती खोकणार, हे ठरण्यात या प्रश्नाचा मोठा वाटा असतो.

भेंडीबाजाराचे उदाहरण घेऊ. दक्षिण मुंबईतला हा सुमारे साडेसोळा एकरांचा भाग. जवळपास अडीचशे इमारती, ३,२०० कुटुंबे आणि १,२५० दुकाने. खाली दुकान, वर बिऱ्हाड, बोळात हातगाडी, ही इथली शंभर वर्षांची घडी. दाऊदी बोहरा समाजाच्या पुढाकाराने २००९ मध्ये स्थापन झालेल्या सैफी बुऱ्हाणी अपलिफ्टमेंट ट्रस्टने हा सगळा भाग एकत्र पाडून नव्याने बांधायला घेतला. प्रत्येक कुटुंबाला किमान ३५० चौरस फुटांचे मालकीचे घर, रुंद रस्ते, दर्शनी बाजूला दुकाने. पहिल्या टप्प्यातले मनोरे उभे राहिले आणि काही शे कुटुंबे तिथे राहायलाही गेली.

जुने होते तसेच ठेवावे, असे कोणी म्हणत असेल तर त्याने ३१ ऑगस्ट २०१७ ची सकाळ आठवावी. याच प्रकल्पाच्या हद्दीतली हुसैनी इमारत त्या दिवशी कोसळली आणि तीसहून अधिक माणसे गेली. सामायिक संडास, दिवसाही दिवा लावावा लागणारा जिना, टेकू दिलेली छपरे यांच्याबद्दल गहिवर त्यात न राहणाऱ्यांनाच येतो. तेव्हा पाडायचे की नाही, हा वादच नाही. नवे कसे बांधायचे, एवढाच प्रश्न आहे. आणि त्याचे एक उत्तर याच परिसराने शतकापूर्वी देऊन ठेवले आहे.

१८९६ च्या सप्टेंबरात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे पहिले रुग्ण ओळखले ते मांडवीत, भेंडीबाजाराच्या शेजारीच. त्या साथीच्या धक्क्यातून १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट जन्माला आला. प्लेग घाणीतून आणि कोंदट हवेतून येतो, अशी तेव्हाची समजूत. ती चुकीची होती. उंदीर आणि पिसवा यांचा दोष नंतर सिद्ध झाला. पण चुकीच्या कारणासाठी केलेला एक नियम बरोबर निघाला. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी त्याचा हिरिरीने पुरस्कार केला : साडेत्रेसष्ट अंशांचा नियम.

नियम सोपा आहे. सर्वात खालच्या खोलीच्या खिडकीशी उभे राहून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे पाहा. नजरेची रेषा जमिनीशी ६३.५ अंशांहून अधिक कोन करता कामा नये. याचा अर्थ समोरची इमारत २० मीटर उंच असेल तर मधली मोकळी जागा निदान १० मीटर हवी, उंचीच्या निम्मी. शाळेतला कोनमापक घेऊनही हे तपासता येते.

आता आजच्या एका गणिताकडे वळू. आठ मजली, म्हणजे साधारण २४ मीटर उंच इमारती आणि दोहोंमध्ये तीन मीटर. कोन येतो जवळपास ८३ अंश. खालच्या खोलीला आकाशाची फक्त एक चीर दिसते. हे कल्पनेतले उदाहरण नाही. गोवंडीचे नटवर पारेख कंपाऊंड आणि मानखुर्दचे लल्लूभाई कंपाऊंड या पुनर्वसन वसाहतींत इमारतींमधले अंतर इतकेच आहे. ‘डॉक्टर्स फॉर यू’ ही संस्था आणि आयआयटी मुंबईतील संशोधकांनी या दोन्ही वसाहतींची तुलना जवळच्याच, पण इमारतींत बरेच अंतर राखलेल्या पीएमजी वसाहतीशी केली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दाटीच्या दोन वसाहतींत क्षयरोगाचे प्रमाण कितीतरी पटींनी जास्त आढळले. एका अभ्यासाने सगळे सिद्ध होत नाही, हे खरे. गरिबी, आहार, घरातली गर्दी हेही त्यात आहेच. पण यामागची यंत्रणा विज्ञानाला चांगली ठाऊक आहे.

क्षयरोगी खोकतो तेव्हा बाहेर पडणारे अतिसूक्ष्म कण तासन्‌तास हवेत तरंगतात. त्यांना मारतो तो सूर्यप्रकाशातला अतिनील भाग, आणि विरळ करते ती वाहती हवा. पेरूची राजधानी लिमा येथील रुग्णालयांत २००७ मध्ये प्रसिद्ध झालेले एक मोजमाप पाहा. खिडक्या-दारे सताड उघडल्यावर खोलीतली हवा तासाला सरासरी २८ वेळा बदलत होती. यंत्राने हवा खेळवणाऱ्या खोल्यांत १२ वेळा. उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या जुन्या वॉर्डांनी नव्या वॉर्डांवर मात केली होती. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश आपल्या देशात आहेत. तेव्हा हा आकडा नुसता कुतूहलाचा नाही.

इथे चाळीला एक गुण द्यावाच लागतो. एका अंगाला सज्जा, दुसऱ्या अंगाला खिडकी, त्यामुळे वारा आरपार जाई. नव्या मनोऱ्यांत बहुधा मधोमध बंद मार्गिका आणि दोन्ही बाजूंना घरे असतात. घराला बाहेरची एकच बाजू मिळते. अशा घरात वारा छताच्या उंचीच्या दोन-अडीच पट खोलीपर्यंतच पोचतो, असा वास्तुशास्त्रज्ञांचा ढोबळ हिशेब आहे. म्हणजे सहा-सात मीटर. त्याच्या आत स्वयंपाकघर असेल आणि त्याची खिडकी डक्टमध्ये उघडत असेल, तर शेजारच्यांची फोडणी आणि त्यांच्या एसीची गरम हवा आपल्याच घरी.

चाळीस मजली मनोऱ्याला ऑर साहेबांचा नियम लावायचा तर मध्ये साठ मीटर मोकळे सोडावे लागतील. शहराच्या मध्यवर्ती भागात ते कोणी सोडणार नाही, हे उघड आहे. पण दुकाने आणि घरे एकत्र असलेल्या संकुलाला एक सोय आपसूक मिळते. सर्वात अंधारे खालचे मजले दुकाने आणि वाहनतळ यांना देता येतात, घरे वरून सुरू करता येतात. कोन मोजायचा तो पहिल्या घराच्या पातळीवरून. मनोरे आडवे-लांब न ठेवता सडसडीत ठेवले, एकमेकांसमोर न आणता तिरके बसवले, तरी खालच्या घरांना आकाशाचा बराच तुकडा परत मिळतो. चटईक्षेत्र तेच राहते.

सोय मात्र घरांची झाली. त्या अंधाऱ्या मजल्यावर दहा-बारा तास काढणारा दुकानातला कामगार संमतीपत्रावर सही करत नाही, त्याला चौरस फूटही मिळत नाहीत. जुन्या बाजारात त्याच्यासमोर निदान रस्ता होता. वातानुकूलित मॉलसारख्या बंद दालनात त्याच्या वाट्याला कोणती हवा येते, याचा विचार नकाशात कुठे दिसत नाही. वाहनतळाचा धूर कुठून बाहेर पडतो, हाही त्याच्याच फुप्फुसांशी निगडित प्रश्न. दुकाने रस्त्याकडे उघडी ठेवणारी मांडणी त्याच्यासाठी मॉलपेक्षा कधीही बरी, आणि भेंडीबाजारासारख्या धंद्याच्या पेठेत गिऱ्हाइकालाही तीच ओळखीची.

म्हाडाने आता कामाठीपुऱ्याचा असाच समूह पुनर्विकास हाती घेतला आहे. तिथल्या रहिवाशांनी कार्पेटचा आकडा जरूर विचारावा. त्यासोबत इमारतींचा उभा छेद दाखवणारा नकाशा मागावा, त्यावर सर्वात खालचे घर शोधावे आणि खिडकीपासून समोरच्या माथ्यापर्यंत पट्टीने एक रेघ ओढावी. कोन किती येतो ते सही करण्याआधी कळेल.