महोत्सवातील वाइन, परवान्यातील पेच

वाइन महोत्सवास जाणाऱ्यांचे दोन ठळक वर्ग असतात. प्रवेशशुल्क वसूल झालेच पाहिजे, अशा निर्धाराने प्रत्येक टेबलापुढे प्याला धरणारा पहिला; आणि प्याला तिरपा करून, उजेडात न्याहाळून चार फ्रेंच शब्द उच्चारणारा दुसरा. दोघांच्याही पदरी फारसे काही पडत नाही. काही वर्षांपूर्वी शिलाँगच्या महोत्सवात एक पूर्ण दिवस घालवला, तेव्हा तिसऱ्या टेबलापर्यंत मीही पहिल्याच वर्गात मोडत होतो.

नाशिक किंवा बंगळुरूऐवजी शिलाँगचा विचार करण्यास कारण आहे. तेथे द्राक्षाचे राज्य नाही. आलुबुखार, पीच, अननस, तुती, आले आणि सोहिओंग या खासी टेकड्यांतल्या गडद जांभळ्या फळाच्या वाइन तेथे मांडलेल्या असतात. टेबलामागे विक्रीप्रतिनिधी नव्हे, तर बहुधा ज्याने ती घरी मुरवली तोच माणूस उभा असतो. महोत्सवाचा खरा लाभ या माणसाशी बोलण्यात आहे. पण त्यासाठी आपले डोके जाग्यावर हवे.

म्हणून थोडे गणित. चाखण्याचा घोट ३० मिलिलिटरचा धरला, तर दहा टेबलांनंतर ३०० मिलिलिटर वाइन पोटात जाते. बारा टक्के अल्कोहोलच्या हिशेबाने हे सुमारे २८ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल झाले. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक अल्कोहोल आढळल्यास वाहन चालवणे गुन्हा ठरते. तेव्हा गाडी दुसऱ्याने चालवावी, जेवून जावे, मध्ये पाणी प्यावे आणि घोट तोंडात घोळवून थुंकून टाकावा. थुंकण्याची आपल्याला लाज वाटते (रस्त्यावर मात्र वाटत नाही), पण व्यावसायिक परीक्षक हेच करतात. क्रम कोरड्या वाइनकडून गोड वाइनकडे ठेवावा; आधी गोड चाखली की पुढची प्रत्येक वाइन आंबट लागते. फळांच्या वाइनबाबत हे विशेष खरे. बऱ्याच फळांत मुळात साखर कमी असल्याने ती वरून घालावी लागते, आणि शेवटी उरलेली गोडी आंबवण्यातले पुष्कळ दोष झाकते. कोरडी सोहिओंग चांगली साधणारा कसबी समजावा.

दोन-तीन टेबले निवडून तेथे रेंगाळावे, वही बाळगावी आणि विचारावे: फळ कोठून येते, एका हंगामात किती बाटल्या होतात, तपासणी कोण करते, आणि उरलेले अकरा महिने ही वाइन विकता कोठे?

या शेवटच्या प्रश्नाने माझा दिवस सार्थकी लागला. एक प्रौढ काँग, म्हणजे खासीत थोरली बहीण, हसून म्हणाली, “बाह, अकरा महिने ओळखीचे लोक घरी येतात. दुकानात ठेवायची तर कागदपत्रे किती लागतात, ते तुम्हीच सांगा.” सेवेत असताना काही काळ एका राज्याच्या उत्पादन शुल्क विभागाचे काम माझ्याकडे होते. उत्तर मला ठाऊक होते आणि ते सांगण्याजोगे नव्हते.

मेघालयाने घरगुती फळवाइनला २०२० मध्ये अबकारी नियमांत दुरुस्ती करून मान्यता दिली. महोत्सव त्याच्या कितीतरी आधीपासून भरत होता. म्हणजे कायद्याच्या नजरेला जे दिसत नव्हते, ते भर मैदानात मांडले जात होते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला याचे नवल वाटू नये. कौटिल्याचा सुराध्यक्ष मद्यावर कडक पहारा ठेवतो. तरीही उत्सव, समाज आणि यात्रांच्या प्रसंगी चार दिवस मद्यनिर्मितीची मुभा देतो. द्राक्षरसाच्या ‘मधु’ला तो कापिशायन आणि हारहूरक अशी मूळ प्रदेशांवरून पडलेली नावेही नोंदवतो. आज ‘नाशिक व्हॅली वाइन’ला मिळालेले भौगोलिक मानांकन याच जातीचे आहे. उत्सवापुरती सवलत आपण दोन हजार वर्षे टिकवली. उत्सव संपल्यावर काय, हे मात्र अनुत्तरितच राहिले.

मादक पेये हा राज्यसूचीतील आठव्या नोंदीचा विषय असल्याने वाइनच्या दृष्टीने प्रत्येक राज्य हा वेगळा देश आहे. शिलाँगची बाटली दिल्लीत विकायची तर तेथे लेबलाची नव्याने नोंदणी, नवा परवाना आणि नवे शुल्क. मद्य जीएसटीबाहेर असल्यामुळे रिकाम्या बाटलीवर आणि बुचावर भरलेल्या कराची वजावटही मिळत नाही. दरसाल लाखो बाटल्या काढणारा हे सोसतो. पाचशे बाटल्यांवाली स्त्री सोसू शकत नाही. दुसरीकडे ऑस्ट्रेलियाशी झालेल्या करारामुळे पाच डॉलर वा त्याहून महाग बाटलीवरचे १५० टक्के आयातशुल्क डिसेंबर २०२२ मध्ये १०० टक्क्यांवर आले आणि दहा वर्षांत ते ५० टक्क्यांपर्यंत उतरणार आहे. देशाच्या सीमेवरची भिंत खाली येत असताना राज्याराज्यांमधल्या भिंती जागच्या जागी आहेत.

अनुच्छेद ४७ राज्यसंस्थेला मद्यसेवन रोखण्याची दिशा दाखवतो. जागतिक आरोग्य संघटनेनेही अल्कोहोलचे कोणतेच प्रमाण निर्धोक नसल्याचे २०२३ मध्ये स्पष्ट केले. या गोष्टी मी हलक्या मानत नाही. सुपरमार्केटात वाइन ठेवण्याच्या २०२२ मधील महाराष्ट्राच्या निर्णयास झालेला विरोधही मला समजतो. परंतु घरगुती उत्पादकाला अडवल्याने एकूण मद्यसेवन घटते, असे मला सेवेत कधी दिसले नाही; दिसले ते इतकेच, की तो तपासणीच्या कक्षेबाहेर जातो. मिझोरामने तर दारूबंदीच्या काळातच चंफाई भागातील द्राक्ष उत्पादकांसाठी कायद्यात अपवाद केला. ठरावीक मर्यादेखालच्या फळवाइन उत्पादकाला नाममात्र शुल्कात परवाना, जिल्ह्यात तपासणीची सोय आणि राज्यांनी एकमेकांच्या लेबल नोंदणीला दिलेली मान्यता, एवढ्यासाठी संविधानाला हात लावावा लागत नाही. अबकारी आयुक्तांची एक बैठक पुरे.

मी त्या काँगकडून दोन बाटल्या घेतल्या. वर्तमानपत्रात गुंडाळताना तिने विचारले, “बाह, हे विमानात चालेल ना?” विमानात चालेल, असे मी म्हणालो. उतरल्यावर त्या राज्याच्या नियमांत ते बसते का, हे मला परवाना पुस्तिका उघडून पाहावे लागले.