नुसते ‘रक्त चाललंय’ सांगून भागत नाही

अंगातून रक्त जाताना दिसले की घरच्यांचा धीर सुटतो. दवाखान्यात निरोप जातो तो एवढाच, “रक्त चाललंय, लवकर बघा.” कुठून, कोणत्या रंगाचे, किती वेळापासून, हे कुणी सांगत नाही आणि बऱ्याचदा कुणी विचारतही नाही. हिमायतनगरहून भोकरमार्गे नांदेड, तिथून पुढे विष्णुपुरीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, एवढी वाट असलेल्या रुग्णाला ही मोघम भाषा परवडणारी नाही.

शौचातून ताजे लाल रक्त आले तर बहुतेकदा मूळव्याध निघते. शी डांबरासारखी काळी आणि चिकट असेल, तर रक्त जठरातून किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून येत असण्याची शक्यता मोठी; डॉक्टर त्याला मेलिना म्हणतात. (लोहाच्या गोळ्यांनीही शी काळी होते, तेवढे आधी विचारावे.) रक्ताची उलटी म्हणजे हिमॅटेमेसिस, खोकल्यातून रक्त येणे म्हणजे हिमॉप्टिसिस, आणि तिथे क्षयाची तपासणी टाळून चालत नाही. गावात मात्र या सगळ्यावर एकच निदान तयार असते: उष्णता!

खरा घोळ बाळंतपणात होतो. प्रसूतीनंतर 500 मिलीहून जास्त रक्त गेले तर तो अतिरक्तस्राव, पण हे मोजणार कोण? नजरेचा अंदाज फसतो, हे बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांनी दाखवून दिले. बाळंतिणीच्या खाली मापाच्या खुणा असलेली प्लॅस्टिकची पिशवी लावली, तेव्हा नजरेचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा सुमारे 33 टक्क्यांनी कमी निघाला. त्याच बेळगावच्या खेड्यांत 1620 बायकांवर झालेला अभ्यास 2006 साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. परिचारिकांनी प्रसूतीनंतर लगेच मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या, आणि अतिरक्तस्रावाचे प्रमाण 12 वरून 6.4 टक्क्यांवर आले. मोजमाप त्याच पिशवीने केले होते.

सोयाबीन-कापसाच्या रानात घोणस चावते, तेव्हा तर रक्त आतल्या आत बिघडते. हिरड्यांतून, लघवीतून ते दिसेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. कोऱ्या, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिली रक्त घ्यायचे, 20 मिनिटे हलवायचे नाही, मग एकदा तिरके करायचे. पातळच राहिले, तर विषाने गोठण्याची क्रिया मोडली आहे आणि सर्पविषविरोधी लस लगेच सुरू करायला हवी. प्लॅस्टिकची नळी चालत नाही, साबणाने धुतलेलीही नाही. एवढ्या स्वस्त तपासणीला यंत्र लागत नाही, वीजही लागत नाही.

इमारतींच्या उद्‌घाटनांना पुढाऱ्यांची गर्दी होते. मापाची पिशवी आणि काचेची नळी यांची फीत कापता येत नाही, म्हणून त्यांची मागणीही कुणी रेटत नाही. ती रेटली पाहिजे. आणि नांदेडला जाणाऱ्या चिठ्ठीवर ‘ब्लीडिंग’ एवढाच शेरा मारण्याऐवजी चार रकाने छापावेत: जागा, रंग, केव्हापासून, अंदाजे किती मिली. त्यासाठी तालुक्याला मुंबईच्या मंजुरीची वाट पाहावी लागू नये.