सफरमैनाचे शौर्य

युद्धकथांत शत्रूच्या मोर्च्यावर तुटून पडणाऱ्या वीराला अग्रस्थान मिळते. त्याच्या आधी जाऊन वाट निर्धोक करणाऱ्या सफरमैनाचा उल्लेख मात्र एखाद्या ओळीत आटोपतो. सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांची १९४८ मधील कामगिरी पाहिली म्हणजे हा क्रम अन्यायाचा असल्याचे ध्यानात येते.

कारवारजवळच्या चेंडियाचे राणे १९४० साली बॉम्बे सॅपर्समध्ये दाखल झाले. एप्रिल १९४८ मध्ये नौशेऱ्याहून राजौरीकडे निघालेल्या रणगाड्यांपुढील रस्ता मोकळा करण्याचे काम त्यांच्या तुकडीकडे होते. ८ एप्रिलला कामास हात घालण्यापूर्वीच उखळी तोफांच्या माऱ्यात दोघे ठार व पाच जण जखमी झाले; जखमींत स्वतः राणे होते. तरीही त्या रात्री दहापर्यंत काम चालले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पुन्हा सुरू झाले. आडवे पाडलेले पाइन वृक्ष स्फोटकांनी उडवायचे, फोडलेल्या मोरीला बगल देऊन वाट काढायची, पेरलेले सुरुंग उचलायचे, आणि हे सारे मशीनगनच्या टप्प्यात!

१० एप्रिलला दुपारी दोनच्या सुमारास रणगाडे तावी नदीच्या पात्रातून चिंगसला पोहोचले. वरवर पाहता राणे यांचे काम तेथे संपले होते. परंतु रणगाडा नदीपात्रातून जातो. दारूगोळा, इंधन व शिधा वाहणाऱ्या मोटारींना रस्ताच हवा. रसदीवाचून पुढे गेलेले सैन्य फार काळ टिकत नाही, हे राणे जाणून होते. अन्न वा विश्रांती न घेता ते रात्री नऊपर्यंत राबले आणि ११ तारखेस सकाळी अकराला चिंगसचा रस्ता खुला झाला. १२ एप्रिलला सैन्य राजौरीत शिरले. राणे यांना परमवीर चक्र मिळाले ते या कामासाठी. पदक देणाऱ्यांनी तरी मोल बरोबर ओळखले होते.

गोंदिया जिल्ह्याला हा विषय परका नाही. नक्षलवादी कारवायांच्या काळात देवरी-सालेकसा भागाने रस्त्याखालच्या सुरुंगांची धास्ती अनुभवली आहे. लगतच्या गडचिरोली जिल्ह्यात, जांभुळखेडा येथे १ मे २०१९ रोजी झालेल्या भूसुरुंग स्फोटात १५ पोलीस जवान व त्यांचा वाहनचालक मृत्युमुखी पडले. सुरुंग पेरणे स्वस्त आणि काढणे महाग, असे हे विषम अर्थशास्त्र आहे. शोधपथकाचे यश म्हणजे काहीही न घडणे; आणि जे घडलेच नाही त्याचा आकडा कोणत्याही अहवालात येत नाही. साहजिकच अशा पथकांची साधने, प्रशिक्षण व विमा यांवरील खर्च अंदाजपत्रकात सहज मागे पडू शकतो. तो ठरविताना किती सुरुंग सापडले एवढेच न पाहता किती मैल रस्ता एसटीला, रुग्णवाहिकेला आणि धानाच्या गाड्यांना खुला राहिला, याचा हिशेब शासनाने मांडावा.