चूक दाखवणारा हात

मुलांना हल्ली कोणी बोललेले खपत नाही, ही तक्रार शिक्षकांच्या खोलीत जितकी ऐकू येते, तितकीच ती छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीवर खरेदीला आलेल्या पालकांच्या तोंडीही असते. यांपैकीच कित्येक पालक मुलाला कराटेच्या किंवा ज्यूदोच्या वर्गात घालतात आणि ‘जरा शिस्त लागेल’ अशी आशा बाळगतात. आशा रास्त आहे. तथापि पांढरा गणवेश, रांगेतला नमस्कार आणि कमरेचा रंगीत पट्टा म्हणजे शिस्त नव्हे, तो देखावा झाला. तेथे मिळू शकणारी खरी विद्या म्हणजे, दुसऱ्याने दाखवलेली चूक मनाला लावून न घेता कामाला लावणे.

तालमीची माती अंगाला लागलेल्यांना हे नवीन नाही. पट काढायला वाकलेल्या पोराची मान खाली गेली की वस्ताद तेथेच थांबवतो, मान वर करायला लावतो आणि पुन्हा वाकवतो. वीस वेळा चुकले तर वीस वेळा. शिवाय वस्तादाचे म्हणणे खरे की खोटे, याचा निवाडा करायला जोडीदार समोर उभाच असतो. मान खाली राहिली की तो ती दाबतो, आणि पाठीला माती लागते. पुरावा इतका रोकडा असताना रुसायचे कोणावर? जिगोरो कानो यांनी 1882 साली टोकियोत ज्यूदोची शाळा काढली. त्या विद्येत नवशिक्याला पाडायच्या आधी पडायला शिकवतात: हनुवटी छातीशी, हाताचा तळवा जमिनीवर. इजा न होता पडता येऊ लागले की पडण्याची भीती जाते, आणि चूक लपवण्याचे निम्मे कारण ही भीतीच असते.

नवशिक्याचे एक वेळ सोपे. मुरलेल्या माणसाने अंगवळणी पडलेले मोडू देणे फार अवघड. खाशाबा जाधव 1948 च्या ऑलिंपिकसाठी लंडनला गेले, तेव्हा कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल मातीत तयार झालेला होता. मातीत पाठ टेकवली की कुस्ती निकाली. गादीवर मात्र वेळेचे बंधन आणि गुणांचा हिशेब. अमेरिकेच्या रीस गार्डनर यांनी त्यांना तेथे मार्गदर्शन केले. त्या वेळी सहावा क्रमांक आला आणि 1952 साली हेलसिंकीत कांस्यपदक, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गंमत अशी, की त्या गटात सुवर्णपदक मिळवणारे जपानचे शोहाची इशी हे मूळचे ज्यूदोपटू. आपल्या मराठवाड्यातले, पाटोद्याचे राहुल आवारे पुण्यात हरिश्चंद्र बिराजदार यांच्या हाताखाली घडले. 2011 साली बिराजदार निवर्तल्यावर ते काका पवारांकडे शिकू लागले. 2018 मधले राष्ट्रकुल स्पर्धेतले सुवर्ण आणि 2019 मधले जागतिक स्पर्धेतले कांस्य त्यानंतरचे. कीर्ती मिळालेल्या मल्लालाही ‘येथे पाय चुकतो’ हे ऐकून घ्यावेच लागते.

याउलट आपल्या शाळा-कचेऱ्या पाहाव्यात. उत्तरपत्रिकेवरची तांबडी रेघ विद्यार्थ्याला दिसते तेव्हा तो धडा मागे पडलेला असतो. सरकारी नोकराच्या गोपनीय अहवालातील प्रत्येक शेरा त्याला कळवला पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाला 2008 साली देव दत्त यांच्या खटल्यात सांगावे लागले. जी चूक दाखवलीच नाही, ती सुधारणार कशी? अशा व्यवस्थेत वाढलेल्या माणसाला चूक काढणे म्हणजे डाव साधणे वाटले, तर दोष एकट्या त्याचा नाही.

तालमीचे सगळेच गोड आहे असेही नाही. काही वस्तादांच्या हातात काठी असे, आणि तिचे कौतुक सांगणारे आजही भेटतात. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेतील शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई केली, तेव्हा ‘छडी गेली, आता सुधारायचे कसे’ असे विचारणारे शिक्षक निघालेच. वस्तुतः मान वर येते ती विसाव्या वेळी वाकल्याने. काठीने फार तर पोरगा तालीम सोडतो. त्याहून गंभीर गोष्ट, वरच्याला प्रश्न विचारायचाच नाही ही सवय. 2023 साली देशाच्या नामवंत महिला मल्लांना आपली गाऱ्हाणी घेऊन दिल्लीत जंतरमंतरवर बसावे लागले. शिकणाऱ्याने ऐकून घ्यावे हे खरे, पण ते डावाबद्दल. शिकवणाऱ्याचा अधिकार डावाबाहेर सुरू झाला, की ‘नाही’ म्हणण्याचा हक्कही मुलाला माहीत असला पाहिजे.

म्हणून वर्ग निवडताना पालकांनी भिंतीवरची पदके मोजण्याऐवजी दाराशी अर्धा तास उभे राहावे. मुलगा चुकला की शिकवणारा त्याची खिल्ली उडवतो, की कोपर धरून सरळ करतो आणि पुन्हा करायला लावतो, हे तेवढ्या वेळात दिसते. जेथे पालकाला दाराशी उभेच राहू देत नाहीत, तेथे फी कितीही कमी असली तरी नाव घालू नये.